राजकारणाला कंटाळून देश सोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणुकीचा निकाल लागला, पक्ष फुटला किंवा एखादा कायदा संमत झाला की "आता इथे राहण्यात अर्थ नाही" हे वाक्य मराठी घरांत हमखास ऐकू येते. नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी, जून २०२२ आणि जुलै २०२३ मधील पक्षफुटी यांनंतर "मत दिले कोणाला आणि सरकार आले कोणाचे" या वैतागातून ते उच्चारले गेले. कोणी आरक्षणाच्या धोरणाला कंटाळून तेच म्हणतो, तर कोणी आपल्या धर्मामुळे, जातीमुळे किंवा लेखनामुळे वाटणाऱ्या भीतीपोटी. यांपैकी कोणाचा असंतोष रास्त आहे, हा या पानाचा विषय नाही. वैताग बाजूला ठेवून खरोखरच निघायचे ठरवले तर भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसापुढे काय काय येते, एवढ्याच प्रश्नाची उत्तरे येथे दिली आहेत. नियमांचे उल्लेख २०२५ अखेरपर्यंतचे आहेत.

राजकीय असंतोष हे स्थलांतराचे मान्य कारण आहे का?

नाही. "मायदेशातील राजकारण असह्य झाले आहे" असा रकाना कोणत्याही देशाच्या अर्जात नसतो. परका देश माणसाला घेतो तो त्याच्याजवळचे कौशल्य पाहून, विद्यापीठातील प्रवेश पाहून, तेथील नागरिकाशी असलेले रक्ताचे किंवा लग्नाचे नाते पाहून, गुंतवण्याजोगा पैसा पाहून, किंवा मायदेशी होणारा छळ सिद्ध झाल्यास. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल येऊ लागले, तेव्हा कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचे संकेतस्थळ गर्दीमुळे कोलमडले होते. त्या रात्री चौकशी करणाऱ्या अमेरिकनांनाही पुढे वय, शिक्षण, भाषा आणि कामाचा अनुभव यांचे गुणच मोजावे लागणार होते. शेजारच्या श्रीमंत देशाच्या नागरिकांना जी सवलत नाही, ती नाशिकच्या किंवा मडगावच्या अर्जदाराला मिळण्याचे कारण नाही.

या संदर्भात एक आकडा नेहमी पुढे केला जातो. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ भारतीयांनी नागरिकत्व सोडले. मात्र हे आकडे असंतोषाचे मोजमाप म्हणून वापरणे चुकीचे ठरेल. कारणे वैयक्तिक असतात, एवढेच सरकार सांगते. शिवाय नागरिकत्व सोडणारी व्यक्ती साधारणपणे कित्येक वर्षांपूर्वीच बाहेर गेलेली असते, त्यामुळे त्या वर्षीच्या राजकारणाशी तिच्या निर्णयाचा संबंध जोडणे अवघड आहे.

व्हिसाच्या मुलाखतीत खरे कारण सांगावे का?

प्रश्न नाजूक आहे, कारण उत्तर व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून आहे. अमेरिकेच्या विद्यार्थी आणि पर्यटक व्हिसासाठी कायदा प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच येत आहे असे गृहीत धरतो, आणि तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकतो. अशा खिडकीसमोर उभे राहून "मला माझ्या देशातील राजकारणाचा उबग आला आहे" असे सांगणारा माणूस आपला नकार स्वतःच लिहून देतो.

याचा अर्थ खोटे बोलावे असा नाही. अमेरिकेत महत्त्वाची माहिती खोटी दिल्यास प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो आणि कॅनडात चुकीच्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी येते. ज्याला कायमचे राहायचे आहे त्याने तसा हेतू उघडपणे मान्य असलेला मार्गच निवडावा. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाच्या कायम निवासाच्या अर्जात राहण्याचा हेतू लपवावा लागत नाही आणि अमेरिकेच्या एच-१बी या कुशल नोकरीसाठीच्या व्हिसातही तो दोष मानला जात नाही.

मला येथे खरोखर असुरक्षित वाटते. राजकीय आश्रय मागता येईल का?

मागता येईल, मिळेलच असे नाही. १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार पाच कारणे मानतो : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व आणि राजकीय मत. यांपैकी एका कारणामुळे छळ होण्याची साधार भीती असली पाहिजे आणि स्वतःचे सरकार संरक्षण देऊ शकत नाही किंवा देऊ इच्छित नाही, हेही दाखवावे लागते. सत्ताधारी न आवडणे, समाजमाध्यमांवर शिवीगाळ होणे, कार्यालयात राजकीय मतांमुळे एकटे पडणे हे सारे क्लेशदायक असले तरी कायद्याच्या भाषेत तो छळ ठरत नाही. कधी कधी एखादा गुन्हा दाखल होणेही पुरेसे ठरत नाही, कारण न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग खुला होता का, असे विचारले जाते.

भारतीय अर्जदारांची सर्वाधिक अडचण होते ती "अंतर्गत स्थलांतर" या मुद्द्यावर. तुम्हाला तुमच्या तालुक्यात धोका आहे हे मान्य केले, तरी तुम्ही चेन्नईत किंवा कोलकात्यात जाऊन का राहिला नाहीत, हा प्रश्न अधिकारी विचारतोच. देश एवढा मोठा आहे की स्थानिक पुढारी, गावकी किंवा एखाद्या जिल्ह्यातील पोलिस यांच्यापासूनचा धोका देशभर पोहोचतो, हे सिद्ध करणे अत्यंत कठीण जाते. त्यात आता यादीची भर पडली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने भारताला सुरक्षित देशांच्या यादीत घालण्याचे नियम संसदेत मांडले आणि एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने आपल्या प्रस्तावित यादीत भारताचे नाव घातले. सुरक्षित ठरलेल्या देशातून आलेल्या माणसाचा अर्ज अविश्वासापासूनच सुरू होतो.

ज्यांचे प्रकरण खरोखर सबळ आहे, म्हणजे धमक्यांच्या नोंदी, तक्रारींच्या प्रती, वैद्यकीय दाखले, प्रसिद्ध झालेले लेखन असा पुरावा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी मुदतीकडे लक्ष द्यावे. अमेरिकेत पोहोचल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि त्यानंतरचे अपवाद थोडे आहेत. आश्रय मिळाल्यावर मायदेशी जाणे म्हणजे आपल्याच भीतीच्या दाव्यावर प्रश्नचिन्ह लावणे असते. आजीच्या तेराव्यालाही येता येणार नाही, ही गोष्ट अर्ज भरताना फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

एजंट म्हणतो, "आश्रयाची केस टाकू, निकाल लागेपर्यंत काम मिळेल." हे कितपत खरे?

अर्ज प्रलंबित असताना काही देशांत ठरावीक काळाने कामाची परवानगी मिळते, एवढा भाग खरा आहे. उरलेली कथा एजंटच्या सोयीची असते. अमेरिकन कायद्यानुसार जाणूनबुजून बनावट आश्रय अर्ज केल्याचे ठरले तर त्या व्यक्तीला इमिग्रेशनचे कोणतेही लाभ कायमचे नाकारले जातात. पुढे लग्न, नोकरी काहीही झाले तरी. एजंटने लिहून दिलेली छळाची कहाणी पाठ करून सांगणाऱ्यांच्या जबान्या एकसारख्या निघतात, हे मुलाखत घेणाऱ्यांनाही ठाऊक असते.

"डंकी" मार्गाबद्दल, म्हणजे एजंटमार्फत चोरून सीमा ओलांडण्याबद्दल, वेगळे सांगण्याची गरज पडू नये. तरीही, जानेवारी २०२२ मध्ये गुजरातेतील एक चौघांचे कुटुंब कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या एमर्सन गावाजवळ अमेरिकेची सीमा ओलांडताना थंडीने गोठून मरण पावले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, त्यात महाराष्ट्रातील तिघे होते. हातापायांत बेड्या घालून आणलेल्या या लोकांपैकी अनेकांनी प्रवासासाठी लाखो रुपये मोजले होते.

कौशल्याच्या बळावर जायचे तर किती काळ लागतो?

येथे राजकीय असंतोषाची आणि गुणपद्धतीची एक विचित्र विसंगती आहे. व्यवस्थेचा उबग माणसाला बहुधा चाळिशीत येतो : दोन-तीन निवडणुका पाहून झालेल्या असतात, मुलांच्या प्रवेशाचा अनुभव घेतलेला असतो, महापालिकेत खेटे घातलेले असतात. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत मात्र एकट्या अर्जदाराला वयाचे पूर्ण ११० गुण विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंतच मिळतात. तिसाव्या वर्षी १०५, पस्तिसाव्या वर्षी ७७, चाळिसाव्या वर्षी ५० आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. ऑस्ट्रेलियाच्या गुणाधारित कुशल व्हिसासाठी तर पंचेचाळिशी ही सरळ मर्यादाच आहे. मार्च २०२५ पासून कॅनडाने नोकरीच्या प्रस्तावाचे जादा गुणही काढून टाकले, त्यामुळे ज्यांची आशा त्यावर होती त्यांचा हिशेब चुकला. तेथे दरवर्षी घ्यावयाच्या कायम रहिवाशांचे उद्दिष्टही २०२५ साठी ३,९५,००० होते, ते २०२६ ते २०२८ साठी दरवर्षी ३,८०,००० असे खाली आणण्यात आले आहे.

अमेरिकेची गोष्ट निराळी. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांपैकी साधारण सात टक्के, हा नियम भारत आणि आइसलँड यांना एकाच मापाने मोजतो. परिणामी २०२५ च्या अखेरीस पदवीधर आणि पदव्युत्तर व्यावसायिकांच्या नेहमीच्या दोन वर्गांत भारतीयांचा क्रमांक २०१३ मध्ये अर्ज केलेल्यांपाशी रेंगाळत होता. आज रांगेत उभा राहणारा माणूस निवृत्तीपूर्वी टोकाला पोहोचेल याची खात्री नाही. आणि त्याच्याबरोबर गेलेले मूल एकविसाव्या वर्षी त्याच्या अर्जातून बाहेर पडते, मग त्याला स्वतःचा व्हिसा शोधावा लागतो. कंटाळून निघालेल्या आईबापांच्या निर्णयाची किंमत अशा रीतीने पुढच्या पिढीच्या खात्यावर लिहिली जाते.

आधी मुलाला शिकायला पाठवले आणि मागाहून आपण गेलो तर?

हा बेत पुण्या-मुंबईत फार लोकप्रिय आहे, परंतु त्याचा दुसरा अर्धा भाग बहुतेक वेळा कागदावरच राहतो. जर्मनीत शिकायला जाताना वर्षाला ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. कॅनडाने राहण्याच्या खर्चापोटी दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर केली, आणि जानेवारी २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवरच मर्यादा घातली. शिक्षण, नोकरी, कायम निवास, नागरिकत्व असा मुलाचा प्रवास सारे सुरळीत झाले तरी आठ-दहा वर्षांचा होतो. त्यानंतर पालकांना बोलावण्याची वेळ येते, आणि तेव्हा काय होते ते पुढे पालकांविषयीच्या उत्तरात पाहावे.

शिवाय मुलाला हा असंतोष वाटतो का, हे विचारायचे बऱ्याच घरांत राहून जाते.

कागदपत्रांत सर्वाधिक अडचण कोठे येते?

नावात. महाराष्ट्रातील स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही रचना जगातील फॉर्मांच्या दोन रकान्यांत बसत नाही. जन्मदाखल्यावर फक्त "मुलगी" असा उल्लेख, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर सासरचे नाव अशी चार रूपे एकाच स्त्रीची असतात. लग्नानंतर बदललेल्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी लागते आणि ही कामे परदेशातून करणे फार त्रासाचे होते, म्हणून ती निघण्यापूर्वी उरकावीत. पदवीच्या प्रमाणपत्रांना राज्य सरकारची साक्षांकने आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे प्रमाणन, घ्यावे लागते. आंदोलनात भाग घेतला म्हणून कधी गुन्हा नोंदला गेला असेल, तर पोलिस क्लिअरन्स प्रमाणपत्राच्या वेळी तो पुढे येतो. प्रकरण निकाली निघाले असल्यास निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी. ज्याच्या राजकारणाला कंटाळून माणूस निघाला, त्याच शासनाच्या शिक्क्याशिवाय त्याला निघता येत नाही.

गोव्यातील लोकांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा सोपा मार्ग आहे, हे खरे का?

मार्ग आहे, सोपा म्हणणे धाडसाचे होईल. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्या व्यक्ती आणि त्यांची मुले-नातवंडे आपली जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करून पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगू शकतात. जुन्या पोर्तुगीज नोंदी आणि आजचे दाखले यांतील नावांची स्पेलिंगे जुळवताना तेथेही पूर्वीच्याच अडचणी येतात. या मार्गाने हजारो गोवेकर ब्रिटनला गेले आणि स्विंडनसारख्या शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२० च्या अखेरीस तो दरवाजा बंद झाला. ज्या देशात जायचे म्हणून पासपोर्ट काढला, त्या देशाच्या मतदारांनीच सार्वमताने हा मार्ग मिटवला.

भारताच्या बाजूने प्रश्न अधिक गंभीर आहे. १९६२ च्या आदेशाने गोव्यातील रहिवासी भारतीय नागरिक झाले. पुढे लिस्बनमध्ये केलेली जन्मनोंद म्हणजे परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेणे होय का, यावर वाद होत राहिला, काहींचे भारतीय पासपोर्ट रद्द झाले आणि काहींच्या मतदार यादीतील नावांवर हरकती आल्या. "नोंद तेवढी करून ठेवू, जायचे की नाही ते नंतर पाहू" असा विचार करणाऱ्यांनी आधी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा.

भारताचे नागरिकत्व ठेवून दुसरे घेता येते का?

नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व अधिनियम १९५५ चे कलम ९ यांनुसार परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. वेगळा अर्ज केला नाही तरी संपते. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली, परंतु भारताचा नियम तसाच असल्याने आपल्याला त्याचा उपयोग नाही. जुना पासपोर्ट जमा करावा लागतो आणि त्यावर पुढे प्रवास केल्यास दंड होतो.

त्यानंतर मिळते ते ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. त्याला सवयीने "नागरिकत्व" म्हटले जाते, प्रत्यक्षात तो आजीवन व्हिसा आहे. मतदान नाही, निवडणूक लढवणे नाही, शेतजमिनीची खरेदी नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार आणि गिर्यारोहण यांसाठी विशेष परवानगी लागते. राज्यघटनेविषयी अप्रीती दाखवल्याच्या कारणावरून, तसेच अधिसूचित कायद्यांच्या भंगासाठी ते रद्द करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. राजकीय मतभेदातून गेलेल्या आणि बाहेरून त्याविषयी लिहिणाऱ्या व्यक्तीने हे कलम नीट वाचावे, कारण म्हातारे आईवडील येथे असताना कार्ड रद्द होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

तोवर मतदान कोठे करायचे?

बहुतेकांसाठी प्रामाणिक उत्तर "कोठेच नाही" असे आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनंतर परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला अर्ज ६-अ भरून मतदार होता येते. मात्र मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन आपल्या मतदारसंघातील केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत असे १ लाख १९ हजारांहून अधिक मतदार नोंदलेले होते आणि प्रत्यक्ष मतदान केले जेमतेम तीन हजारांनी, तेही मुख्यतः केरळमधील. विमानाचे तिकीट काढून मत द्यायला येणे किती जणांना परवडते, हे त्यावरून कळते.

दुसरीकडे, नव्या देशात नागरिकत्व मिळेपर्यंत सहसा मत नसते. दोन अपवाद मराठी वाचकांनी लक्षात ठेवावेत. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणारा भारतीय नागरिक, राष्ट्रकुलातील देशाचा म्हणून, तेथील संसदीय निवडणुकीतही मत देऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये कायम निवासाचा हक्क असलेल्याला एक वर्ष सलग राहिल्यावर मताधिकार मिळतो. आखाती देशांत नागरिकत्वाची वाटच जवळजवळ नसल्याने तेथे तीस वर्षे राहिलेला माणूसही या बाबतीत पाहुणाच असतो. व्यवस्था बदलता येत नाही म्हणून निघालेल्याच्या वाट्याला आयुष्याची ऐन उमेदीची दहा-पंधरा वर्षे कोणतीच व्यवस्था बदलण्याचा अधिकार येत नाही. माझ्या मते या साऱ्या व्यवहारातील सर्वांत मोठी किंमत हीच आहे आणि तिची चर्चा पगार व हवामान यांच्या तुलनेत फारच थोडी होते.

निदान मोकळेपणाने बोलता तरी येईल ना?

नागरिकाला जेवढे येते तेवढे व्हिसाधारकाला येत नाही. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात २०१९ पासून मागील पाच वर्षांतील समाजमाध्यम खात्यांची माहिती द्यावी लागते. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आणि डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व त्यावर अवलंबून असलेल्यांना खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले आहे. २०२५ मध्ये विद्यापीठांतील निदर्शनांवरून काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले आणि त्यांत भारतीयही होते. सिंगापूरच्या स्पीकर्स कॉर्नरमधील निदर्शनात भाग घेण्याची मुभा नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच आहे. जून २०२२ मध्ये भारतातील एका राजकीय वक्तव्याविरुद्ध कुवेतच्या फहाहील भागात निदर्शने झाली, तेव्हा त्यांत सामील झालेल्या परदेशी रहिवाशांना देशाबाहेर घालवण्याचे तेथील सरकारने जाहीर केले होते. कायम निवास मिळाल्यावर ही भीती बरीच कमी होते, परंतु तोवर अनेक जण येथे जितके बोलत होते त्याहून कमी बोलू लागतात.

तेथील राजकारण बदलले तर?

बदलतेच, आणि स्थलांतरित हा त्याचा आवडता विषय असतो. जर्मनीच्या एका सरकारने जून २०२४ मध्ये विशेष पात्रता असणाऱ्यांना तीन वर्षांत नागरिकत्व देण्याची तरतूद आणली आणि पुढच्या सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये ती काढून टाकली. ब्रिटिश सरकारने मे २०२५ मध्ये कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची नेहमीची अट दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हा सुट्टीवर भारतात आलेले कित्येक जण नियम नीट समजण्याआधीच परतीच्या विमानासाठी धावले.

याहून कठोर उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. पेशावरचे वैष्णोदास बगाई ब्रिटिश राजवट नको म्हणून १९१५ मध्ये पत्नी आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला गेले, तेथे दुकान काढले आणि १९२१ मध्ये अमेरिकन नागरिक झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय "गोरे" नसल्याने नागरिकत्वास अपात्र असल्याचा निर्णय दिला आणि बगाई यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. भारताला भेट द्यायची तर ज्या राजवटीला नाकारून ते निघाले होते तिचाच पासपोर्ट घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क पुन्हा मिळाला तो १९४६ मध्ये.

आई-वडिलांना नेता येते का?

भेटीला, होय. कायमचे नेणे फार अवघड झाले आहे. ऑस्ट्रेलियातील पालकांच्या स्वस्त व्हिसाची प्रतीक्षा दशकांत मोजली जाते. कॅनडाचा पालक-आजीआजोबा कार्यक्रम २०२० नंतर पालकांना बोलावण्याची इच्छा कळवणारे नवे अर्ज न घेता जुन्याच यादीवर चालत आला आहे. तेथील सुपर व्हिसा या दीर्घ भेटीच्या व्हिसावर पालक एका वेळी पाच वर्षे राहू शकतात, पण तो पाहुण्याचाच दर्जा. ब्रिटनमध्ये प्रौढ आश्रित नातेवाईकासाठीच्या अटी अशा आहेत की रोजच्या कामांसाठीही दीर्घकाळ दुसऱ्याची काळजी लागावी आणि ती मायदेशी मिळू नये. अमेरिकेत नागरिक झालेल्या एकवीस वर्षांवरील अपत्याला पालकांसाठी तुलनेने लवकर ग्रीन कार्ड मिळवता येते, मात्र भारतीयाने नागरिक होईपर्यंत पालकांचे वय काय झालेले असते, हे वर रांगेविषयी लिहिले आहे त्यावरून काढता येईल.

घर, पैसे आणि शेतजमिनीचे काय?

निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या परदेशी रक्कम पाठवण्याच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. अनिवासी झाल्यावर नेहमीचे बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या रुपयांतील) खात्यात बदलून घ्यावे लागते आणि त्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम नेता येते. घर विकायचे तर शक्यतो निघण्याआधी विकावे, कारण विक्रेता अनिवासी असल्यास खरेदीदाराला एक टक्क्याऐवजी कितीतरी अधिक दराने कर कापून भरावा लागतो आणि त्या कटकटीमुळे गिऱ्हाईक भाव पाडून मागते.

शेतजमिनीबाबत घाई करू नये. अनिवासी भारतीयाला ती विकत घेता येत नाही, पण असलेली किंवा वारसाने आलेली ठेवता येते. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नसल्याने सातबाऱ्यावरील नाव एकदा गेले की परत आल्यावर शेतकरी म्हणून उभे राहणेच कठीण होते. भावकीतल्या कोणाला कुलमुखत्यारपत्र देताना ते विशिष्ट कामापुरते द्यावे.

परत यावेसे वाटले तर?

पासपोर्ट भारतीयच असेल तर कोणाची परवानगी लागत नाही, आणि केवळ या कारणासाठी परदेशी अनेक जण कायम निवासावर थांबतात, नागरिकत्व घेत नाहीत. कॅनडात मात्र कायम निवास टिकवण्यासाठी पाच वर्षांत ७३० दिवस तेथे राहावे लागते, म्हणजे परत येऊन पाहण्याची मुदतही मर्यादित आहे. नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय म्हणून पाच वर्षे नोंद आणि अर्जापूर्वी भारतात बारा महिने वास्तव्य झाल्यावर पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी परदेशी नागरिकत्व सोडावे लागते.

वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी बाहेर पडले. गदर चळवळ आणि पहिल्या महायुद्धातील इराणची मोहीम यांतून जात १९२० च्या दशकात ते मेक्सिकोत पोहोचले. तेथे मक्याच्या वाणांवर संशोधन केले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवले, दिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रात त्यांची आकृती आली. ज्या राजवटीमुळे गेले ती १९४७ मध्ये संपली, तरी त्यांचे परतणे तेवढ्याने सोपे झाले नाही, कारण जुन्या काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिले होते. अखेरची वर्षे त्यांनी नागपुरात काढली आणि तेथेच १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.